ओट्यावरची खिडकी

ऑक्टोबरात, किवीच्या बागांच्या टे पुके गावाच्या पट्ट्यात गारा पडल्या. वीस मिनिटंच पडल्या, पण तेवढ्यात किवीच्या वेलींवरची कळी मातीत गेली आणि पानांची चाळण झाली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा बागेत कुजक्या गवताचा वास येत होता. मकरंदनं सगळ्या मजुरांना शेडमध्ये बोलावलं. मकरंद नाशिककडचा. शिकायला म्हणून आला आणि आता बागांना माणसं पुरवत होता.

"काका, फळच नाही तर माणसं कुठं लावू?" तो दीनानाथला म्हणाला. "निम्मी कमी करतोय. आणि तुमचा खांदाही साथ देत नाही आता. मी खोटं कशाला बोलू?"

खांद्याचं खरं होतं. बारा वर्षं दीनानाथ हात वर करून वेलींखाली उभा राहिला होता. आता उजवा हात कानाच्या वर गेला की आत काहीतरी अडकायचं. सकाळी शर्ट घालताना बायको, श्यामला, बाही धरून उभी राहायची.

त्याच्याही आधी तो गवंडी होता. सासवडच्या बाजूला त्यानं चाळीसेक घरं उभी केली होती. मेव्हण्यानं इकडं परदेशात बोलावलं तेव्हा थापी आणि ओळंबा गोणपाटात गुंडाळून भावाकडं ठेवले आणि तो आला. इथली घरं बघून त्याला हसू यायचं. सगळी लाकडाची. वरून पत्रा, आतून पुठ्ठ्यासारखे बोर्ड. "लाथ मारली तर शेजारच्याच्या स्वयंपाकघरात जाईल," असं तो श्यामलाला म्हणायचा.

त्याची लेक सिद्धी जवळच्या टौरंगा शहरातल्या ट्रेनिंग सेंटरात घरांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढायला शिकत होती. दुसरं वर्ष होतं. त्याच आवारात सुतारकामाचा कोर्स चालायचा. तिनंच बापाचा फॉर्म भरला.

"एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला घेतात व्हय?" तो म्हणाला.

"बाबा, वय विचारत नाहीत. बूट विचारतात. स्टील-टो पाहिजेत."

फेब्रुवारीत कोर्स सुरू झाला. आवारात मधोमध तीन खोल्यांचं खरं घर बांधायचं होतं. ड्राफ्टिंगची मुलं ते काढणार, सुतारकामाची मुलं ते बांधणार, आणि वर्षाच्या शेवटी ट्रकवर घालून ते घर विकत घेणाऱ्याच्या जागेवर नेणार. प्रत्येकाला एक पुस्तक मिळालं. एकेक काम शिकून झालं की शिकवणारा हेमी त्या पानावर सही करायचा. पापामोआच्या रॉस नावाच्या बिल्डरनं दीनानाथला शब्द दिला होता, फ्रेमिंगच्या, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या कामाच्या, पानावर सही असलेलं पुस्तक आण, जुलैपासून शिकाऊ म्हणून घेतो. सही नसेल तर जुलैत पुन्हा बागेत छाटणी होती, हात वर करून, दिवसाचे आठ तास. मकरंदनं घेतलं तर.

मे महिन्यात भिंतींचे सांगाडे उभे राहायला लागले. दीनानाथ आणि ग्रेग या जोडीला स्वयंपाकघराची भिंत मिळाली. ग्रेग पस्तिशीचा, आधी बंदरावर लाकडाचे ट्रक चालवायचा. दोघांनी जमिनीवर लाकडं मांडली. दीनानाथनं ड्रॉइंगचा कागद फळीवर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर खिळ्यांची पुडकी ठेवली. कागदाच्या खालच्या चौकोनात काढणाऱ्याची अक्षरं होती. सिद्धीची. त्या अक्षरांवर त्यानं बोट फिरवलं.

मग त्यानं मापं वाचली. ओट्याची उंची नऊशे मिलिमीटर. खिडकीची उंची बाराशे, वरची कड दोन हजारावर. म्हणजे खालची कड आठशेवर. त्यानं पुन्हा वाचलं. खिडकी ओट्याच्या खाली जात होती, चार बोटं. ओटा लावला की काचेचा तळ ओट्यामागं गाडला जाणार. तिथं पाणी साचणार, लाकूड फुगणार.

पोरगी चुकली होती.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. हेमी लांब कोपऱ्यात कुणाला तरी खिळे मारायची नेलगन धरायला शिकवत होता. सासवडला असं किती वेळा झालं होतं. पुण्याहून इंजिनियर ड्रॉइंग पाठवायचा, त्यात जिन्याखाली डोकं आपटायचं, संडासाचं दार बेसिनला अडायचं. मिस्त्री कुणाला सांगत बसत नाही. कागद खिशात घालतो आणि जागेवर बरोबर करतो. इंजिनियर स्लॅबच्या दिवशी येतो, चहा पितो, चांगलं झालंय म्हणतो. खिडकी तर शेवटची गोष्ट. भिंत झाली की फॅब्रिकेटर येतो, भोकाचं माप घेतो आणि त्या मापाची खिडकी करून आणतो.

दीनानाथनं पेन्सिल घेतली आणि खालच्या कडेची खूण एक हजार पन्नासवर मारली. ओट्याच्या वर सहा इंच.

ग्रेग वाकून बघत होता. "कागदावर आठशे आहे, डी."

"किचन बेंच नऊशे," दीनानाथ त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "विंडो गो डाउन. नो गुड. आय फिक्स."

"हेमीला विचारूया?"

"ट्वेंटी इयर्स आय मेक हाउस."

ग्रेगनं खांदे उडवले. "तू बॉस. चालतंय, स्वीट ऍज."

दुपारपर्यंत सांगाडा जुळला. चौघांनी तो उचलून उभा केला. दीनानाथनं लेव्हल लावली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला. त्याला बरं वाटलं.

घरी त्या दिवशी श्यामला फळं भरायच्या पॅकहाउसमधून आली ती पाठ धरून. फळ कमी होतं म्हणून बायका कमी केल्या होत्या आणि पट्टा तेवढ्याच वेगानं चालत होता. सिद्धीनं कुकर लावला. जेवताना ती म्हणाली, "बाबा, माझी भिंत उभी राहिली म्हणे आज. क्लासच्या खिडकीतून दिसते."

"राहिली की."

"कशी आहे?"

"सरळ हाय," तो म्हणाला आणि भाकरी मोडून घेतली. बाकीचं तो बोलला नाही. तिला कशाला लाजवायचं, एवढाच विचार होता. त्याला आतून चांगलंही वाटत होतं, हे तो नाकारू शकला नसता. लेक कॉम्प्युटरवर काढते आणि बाप जागेवर सांभाळून घेतो.

तीन आठवड्यांनी, जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका मंगळवारी खिडक्या आल्या. ट्रकवर उभ्या बांधलेल्या, काळ्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, काचेसकट. प्रत्येकीवर चिठ्ठी. दीनानाथ हातातली करवत घेऊन तसाच उभा राहिला. खिडक्या आधीच येतात, हे त्याला त्या क्षणी कळलं. ड्रॉइंगवरून कारखान्यात मापं गेली होती, तेही भिंती उभ्या राहण्याच्या महिनाभर आधी. कुणी भोक मोजायला येणार नव्हतं.

"किचन," हेमी चिठ्ठी वाचून म्हणाला. हेमी धिप्पाड माणूस, साठीला आलेला, पहाटेच्या थंडीतही अर्ध्या चड्डीत. त्यानं आणि ग्रेगनं खिडकी उचलली आणि भोकापाशी नेली. वरची कड टेकवली. खालून खिडकी वीतभर बाहेर राहिली.

कुणीतरी मागं हसलं. हेमीनं खिडकी खाली ठेवली, टेप काढला, भोक मोजलं. मग खिशातून कागद काढून तो वाचला आणि पुन्हा मोजलं.

"ही भिंत कुणाची?"

ग्रेगनं दीनानाथकडं पाहिलं.

"माझी," दीनानाथ म्हणाला.

"कागदावर आठशे आहे. तू एक हजार पन्नास का घेतलंस?"

ड्राफ्टिंगची मुलं खिडक्या बघायला बाहेर आली होती. त्यांच्यात सिद्धी होती, पिवळं जॅकेट घालून. ती पुढं सरकली आणि भोकाकडं बघायला लागली.

"माझं माप चुकलं," दीनानाथ म्हणाला. "माय मिस्टेक. टेप, राँग रीड."

"अडीचशे मिलिमीटर?"

"येस."

वीस-बावीस वर्षांच्या पोरांसमोर त्याचे कान गरम झाले. सासवडला त्याच्या हाताखालच्या माणसानं एवढं माप चुकवलं असतं, तर त्यानं त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं.

हेमीनं टेप मिटला. मग म्हणाला, "सोमवारी छताच्या कैच्या येतायत. त्या चढल्या की भिंतीत बदल करता येणार नाही. म्हणजे शुक्रवारपर्यंत भिंत बरोबर पाहिजे. आणि फ्रेमिंगच्या पानावर मी सही करू शकत नाही, मेट. माप वाचता येत नसेल तर नाही."

"येस," दीनानाथ म्हणाला.

सिद्धीनं स्वतःच्या खिशातला टेप काढला होता. ती जमिनीपासून नऊशेवर बोट ठेवून उभी होती.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती. बंदरावरून निघालेल्या ट्रकांच्या मागं गाडी रेंगाळत होती. पावसाची भुरभुर होती. पापामोआ मागं पडलं.

"तुमचं माप चुकलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला टेप वाचता येतो. तुम्ही मला लेंग्याचं माप सुतात सांगता."

तो काचेतून बाहेर बघत राहिला.

"मी ओटा विसरले. आय फरगॉट द बेंच. सगळ्या खिडक्या बाराशे घेतल्या, ही पण घेतली. तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी दिसलं आणि तुम्ही बोलला नाहीत."

"सांभाळून घेतलं मी. आपल्यात मिस्त्री सांभाळून घेतो."

"कुणाला सांभाळलं, बाबा? खिडकी भिंतीत बसत नाही. तुमची सही गेली. आणि मी पास." तिचा आवाज चढला नाही, पण तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुम्ही त्या दिवशी विचारलं असतं तर मी एक फोन करून साइज बदलली असती. कारखान्यात अजून कापलं पण नव्हतं. वन फोन कॉल."

"हेमीसमोर तुझी चूक निघाली असती."

"निघायलाच पाहिजे होती. मी पुढच्या वर्षी हेच काम करणार आहे. तिथं कुठले बाबा येणार आहेत वीतभर वर घ्यायला?"

एक ट्रक शेजारून गेला आणि गाडी हलली.

"उद्या मी सांगणार हेमीला," ती म्हणाली.

"न्हाई. मी बोललोय ते बोललोय."

"मी सांगणार."

श्यामलानं दोघांचं तोंड बघून पोह्याचा डबा खाली ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. दीनानाथ जॅकेट काढत होता, बाही अडकली होती. तिनं ती ओढून दिली.

"हितं बारा वर्षं पट्ट्यावर उभी हाय मी," ती म्हणाली. "डाग असलेलं फळ शेजारणीनं टाकलं आन् मी गपचूप उचलून बाजूला केलं, तर सुपरवायझर मला बोलतो. तिला का सांगितलं न्हाई म्हणून. पयल्यांदा मला बी राग आला. मग कळलं, ती तसंच टाकत ऱ्हाती."

"ते फळ हाय."

"आन् ही खिडकी हाय. उद्या दोघं जावा. आन् डब्यात काय देऊ ते आत्ताच सांगा, सकाळी माझ्या मागं लागायचं न्हाई."

बुधवारी सकाळी सातला हेमी मळकट कंटेनरच्या ऑफिसात चहा करत होता. "किया ओरा," त्यानं त्याच्या भाषेत रामराम केला. दोघं दारात उभी राहिली. सिद्धी बोलली. सरळ, न थांबता, कागद पुढं ठेवून. चूक कुठं झाली, ती तिच्या लक्षात कशी आली नाही, बापानं काय केलं. हेमीनं चहाची पिशवी पिळून टाकली.

"हे बघ," तो म्हणाला आणि खणातून खिडक्यांच्या ऑर्डरचा कागद काढला. खाली त्याची स्वतःची सही होती. "हे मी तपासलं होतं. मलाही दिसलं नाही. तुझ्या बापाला दिसलं." तो दीनानाथकडं वळला. "तुला दिसलं आणि तू गप्प बसलास. आणि काल माझ्याशी खोटं बोललास. मला ते मापापेक्षा जास्त लागलं."

दीनानाथनं मान हलवली.

"खिडकी परत जात नाही," हेमी म्हणाला. "आज बुधवार. काय करूया?"

दीनानाथनं ते आदल्या दिवसापासून मनात करून ठेवलं होतं. तो पुढं झाला आणि हातांनी दाखवायला लागला. लिंटेलच्या, म्हणजे भोकावरच्या आडव्या लाकडाच्या, वर आखूड दांडके आहेत, ते काढायचे. लिंटेल वर सरकवून माथ्याच्या लाकडाला भिडवायचं. खालची कड थोडी उतरवायची. खिडकी सगळीच वर जाईल, पण ओट्याला लागणार नाही. बाहेरून मागची बाजू आहे, उंच दिसली तरी चालेल.

हेमीनं सगळं पाहिलं. मग त्यानं दीनानाथचे हवेतले हात खाली केले. हळूच केले.

"हातानं नको. कागदावर. तुम्ही दोघं काढा. तिनं तक्ता बघून लिंटेल पुरतं का ते सांगायचं. मग मी बघतो, काउन्सिलला बदल कळवून परवानगी घेतो, आणि मग तू हातोडी उचल. त्याआधी नाही."

ड्राफ्टिंगच्या खोलीत गालिचा होता. दीनानाथनं बूट बाहेर काढले आणि ओल्या मोज्यांनी आत जाऊन सिद्धीच्या शेजारी बसला. इतक्या दिवसांत ती काय शिकते, हे त्यानं एवढं जवळून पाहिलं नव्हतं. पडद्यावर भिंत होती, त्याची भिंत, रेघांची. सिद्धीनं चाक फिरवलं तशी ती जवळ आली आणि प्रत्येक दांडी दिसायला लागली.

"किती वर?"

"माथ्याला भिडेपर्यंत."

"नंबर, बाबा."

त्यानं मनात मांडलं. "उंची चोवीसशे. वरची दोन लाकडं नव्वद. लिंटेल एकशे चाळीस. म्हणजे वरची कड एकवीसशे सत्तर."

तिनं आकडा टाकला. खिडकी पडद्यावर वर सरकली. बाराशेची खिडकी, आणि फटीसाठी वीस मोकळे. खालची कड नऊशे पन्नास आली. तिनं ओटा काढला. ओट्याच्या वर पन्नास उरले.

"दोन इंच," तो म्हणाला.

"बसते."

"थांब. ओट्यावर फरशीची पट्टी येती. तिची जाडी धर."

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पट्टी धरली. तरीही बसत होती. मग तिनं लाकडाच्या तक्त्याचं पुस्तक काढलं, बोटानं ओळ धरत गेली, छताचं वजन, भोकाची रुंदी. एकशे चाळीस पुरत होतं. कागदाच्या कडेला तिनं बदलाची खूण केली, तारीख घातली, आणि कारण लिहिलं. कारणात तिनं स्वतःची चूक लिहिली आणि जागेवर न विचारता केलेला बदलही लिहिला. दीनानाथनं ते दोनदा वाचलं.

"एवढं लिवायलाच पाहिजे?"

"पाहिजे."

हेमीनं दुपारी सही करून कागद दिला. काउन्सिलचं उत्तर गुरुवारी सकाळी आलं. तोवर पाऊस लागला होता, आडवा, समुद्राकडून. बाकीची पोरं शेडमध्ये गेली. दीनानाथनं टोपी घट्ट केली आणि शिडी लावली.

लिंटेलच्या वरचे आखूड दांडके पाच होते. प्रत्येकात चार खिळे, त्यानं स्वतः मारलेले, नेलगननं, सरळ आणि खोल. छोटी पहार आत घालून तो दाबायचा तेव्हा खिळा किंचाळत बाहेर यायचा. हात कानाच्या वर होता. तिसऱ्या दांडक्यापाशी खांदा अडकला. तो शिडीवर तसाच थांबला. पाणी बाहीतून काखेत उतरत होतं. मग त्यानं पहार डाव्या हातात घेतली. डावा हात अडाणी होता. एक खिळा निघायला उजव्याच्या तिप्पट वेळ लागत होता. त्यानं तिप्पट वेळ दिला.

ग्रेग शेडमधून बघत होता. थोड्या वेळानं तो शिव्या देत बाहेर आला आणि दुसरी शिडी लावली.

"मला खिळे काढायला आवडत नाही, डी."

"गो इनसाइड."

"भिंत माझी पण आहे. मी त्या दिवशी विचारूया म्हणालो होतो."

"यू सेड," दीनानाथ म्हणाला. "आय नॉट लिसन."

"'मी ऐकलं नाही' हे वाक्य माझी बायको माझ्या तोंडून ऐकायला टपलीय. पुन्हा म्हण, तिला फोनवर ऐकवतो."

दीनानाथला हसू आलं आणि पहार निसटता निसटता राहिली. दोघांनी मिळून लिंटेल खांद्यावर घेतलं, ग्रेगनं उजव्या बाजूला, दीनानाथनं डाव्या. शिडीची एकेक पायरी चढत ते माथ्याला भिडवलं. खाली नवे उभे टेकू कापून बसवले. पहिला टेकू तीन मिलिमीटर आखूड निघाला. सासवडला त्यानं खाली पाचर मारली असती. इथं त्यानं तो बाजूला टाकला, दुसरं लाकूड घेतलं आणि पुन्हा मोजून कापलं.

शुक्रवारी अकराला खिडकी बसली. दोन्ही बाजूंना बोटाएवढी फट, वर तेवढीच, खाली तेवढीच. हेमीनं चारही कडांवर टेप लावला, कागद बघितला, टेप लावला. दीनानाथ पुस्तक घेऊन आला होता. हेमीनं ते हातात घेतलं, फ्रेमिंगचं पान उघडलं आणि परत दिलं.

"ही भिंत बरोबर आहे. पण मला अजून एक बघायची आहे. कपडे धुण्याच्या खोलीची. ती कर, मग आण."

दीनानाथनं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. वाद घातला नाही. ग्रेगबरोबर त्यानं नवी लाकडं मांडली आणि नवा कागद फळीवर पसरला. त्या भिंतीत एक दार होतं. सातशे साठचं दार, आणि त्यासाठी सोडलेलं भोक सोळाशेच्या आसपास. त्यानं दोनदा वाचलं. एका दाराला दोन दारांचं भोक. कोपऱ्यात पुन्हा सिद्धीची अक्षरं.

त्याच्या हातात पेन्सिल होती.

ग्रेग खिळ्यांची पट्टी नेलगनमध्ये भरत राहिला, जरा जास्तच सावकाश.

दीनानाथनं पेन्सिल कानावर ठेवली, कागद गुंडाळला आणि चिखलातून ड्राफ्टिंगच्या खोलीकडं गेला. दाराबाहेर बूट काढले. आत वीसजण बसले होते, सगळ्यांनी वर पाहिलं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावरचा हात थांबवला.

"एक्स्क्यूज मी," तो म्हणाला. "ड्रॉइंग क्वेश्चन."

सिद्धी उठून आली. त्यानं कागद टेबलावर उघडला आणि बोट ठेवलं. "दार एवढं. भोक एवढं. मला चूक वाटती. हाय का?"

तिनं पाहिलं. मागं कुणीतरी मान लांब करून बघत होतं.

"चूक नाही, बाबा. हे दार उघडत नाही, सरकतं. भिंतीच्या आत जातं. म्हणून आत तेवढीच जागा रिकामी सोडायची. ही तुटक रेघ बघा, ती त्याची खूण आहे."

त्यानं तुटक रेघ पाहिली. ती आधीपासून तिथंच होती. त्याला वाटलं होतं, छपाईत तुटली असेल.

"दार भिंतीत शिरतं," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे मी चुकलो."

"तुम्ही चुकला असता," सिद्धी म्हणाली. "अजून चुकला नाहीत."

पाठीमागचा एकजण हसला. दीनानाथनं त्याच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि कागद गुंडाळला. त्याचे कान पुन्हा गरम झाले होते, पण पाय थांबले नव्हते. बाहेर येऊन त्यानं बूट घातले. ते थोडे आतून भिजले होते.

भिंतीला दीड दिवस लागला. शनिवारी आवार उघडं होतं, हेमी नातवाचा रग्बीचा सामना सोडून आला होता आणि तसं दोनदा बोलून दाखवलं. त्यानं भोक मोजलं. सोळाशेच्या आसपास नाही, कागदावर होतं तेवढंच.

"हे तू बरोबर वाचलंस?" त्यानं विचारलं.

"नो," दीनानाथ म्हणाला. "आय रीड राँग. देन आय आस्क."

हेमीनं लाकडाच्या घोडीवर पुस्तक ठेवलं, पेनचं टोपण दातात धरलं आणि सही केली. पावसाचे दोन थेंब पानावर पडले. दीनानाथनं बाहीनं ते टिपले, पुसले नाहीत, शाई ओली होती. मग पुस्तक उघडंच धरून, वाळेपर्यंत, तो छपराखाली उभा राहिला.

"पुढचा कागद आण," हेमी म्हणाला. "छताचा. त्यात बरंच विचारायला लागेल."

"येस," दीनानाथ म्हणाला आणि कागद आणायला गेला.